तुमचे बंधू आणि उण्याची तबकडी

झाडगाव, रत्नागिरी
अधिक श्रावणातला सोमवार, २००४

ती. वन्सं यांच्या पायांशी सुनेत्राचा नमस्कार. (पायांशी म्हणजे कागदावरच. प्रत्यक्ष वाकायचे तर माझ्या कमरेला आधी सांगून ठेवावे लागते.) तुमच्या गुडघ्यांचे कसे आहे? वेळणेश्वराला यंदा पाऊस फार झाला असे आठल्ये म्हणत होते, पण आठल्ये पेपरात न आलेलेही सांगतात, म्हणून तुम्हालाच विचारते. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद सांगा. आम्ही उभयता खुशाल आहोत असे लिहायची पद्धत आहे, तेव्हा तसे लिहिले आहे असे समजून पुढे वाचावे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना हिला पत्र लिहायचे कुठून सुचले. फोन केला असता, पण फोन कॉम्प्युटरच्या टेबलावर आहे आणि त्या टेबलाशी तुमचे बंधू बसलेले आहेत. (या पत्रात मी त्यांना तुमचे बंधूच म्हणणार आहे. धड वागतात तेव्हा ते माझे यजमान असतात.) मे महिन्यात तुम्ही इथे होतात तेव्हा त्यांच्या छातीत कळ आली, ती तुम्ही पाहिलीच. पुढे मिरजेला नेऊन तपासणी केली, तीन ठिकाणी अडले आहे असे निघाले. डॉक्टरांनी बायपास करायला सांगितली आणि पावसाळा संपायची वाट बघू नका असे दोनदा बजावले. त्यावर तुमच्या बंधूंनी काय म्हणावे? म्हणाले, माझ्या विहिरी एकदा तबकडीवर गेल्या की लगेच येतो. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटले असणार, औषध डोक्यात गेले. मी सांगितले, नाही हो, हे पहिल्यापासून असेच आहेत.

तेव्हापासून आम्ही इथेच आहोत. मिरजेला जायचे ते तबकडीनंतर, आणि तबकडी कोणती घ्यायची ते ठरत नाही. एका माणसाच्या काळजाचे ऑपरेशन एका प्लास्टिकच्या चकतीसाठी अडून राहिले आहे, हे मी बाहेर कोणाला सांगायचीसुद्धा सोय नाही. शेजारी विचारतात, कधी नेताय; मी म्हणते, तारीख मिळायची आहे. तारीख केव्हाच मिळाली असती.

विहिरींचे तुम्हाला ठाऊक आहे, पण पुरते नाही. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडे खेळवतात, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात जाऊन अध्यक्षाशी भांडतात. तुमचे बंधू जन्मभर भूजल खात्यात होते, त्यांनी स्कूटर काढली आणि तालुक्यातल्या जुन्या विहिरी मोजायला निघाले. जयगडपासून पूर्णगडापर्यंत एक बाव सोडली नाही. कोणी खणली, जांभा किती हात आणि काळा दगड कुठे लागला, पायऱ्या आहेत की रहाट होता, वैशाखात पाणी राहते की चिखल, सगळे विचारायचे, फोटो काढायचा, घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मालगुंडच्या एका आगरात तर बावीत डोकावताना चष्माच आत पडला, तो काढायला उतरलेल्या माणसाकडून त्यांनी तळाची मापे घेतली आणि चष्मा विसरून घरी आले. (या सगळ्या वर्षांत स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून टेपचे दुसरे टोक कोण धरत होते, याची नोंद त्या माहितीत कुठेही नाही. मी शोधली.) लोक सुरुवातीला हसायचे. मग सरकारी माणूस समजून नळाच्या तक्रारी सांगायचे. आता दोन गावांनी यांनी काढलेले फोटो दाखवून बुजवायला काढलेल्या बावी वाचवल्या, तेव्हा काम खोटे नाही एवढे मीही मान्य करते. पण हा सगळा ऐवज त्या एका डब्यात आहे, आणि तो डबा उन्हाळ्यापासून मधूनच टक् टक् असा आवाज करतो. कॉम्प्युटरवाला दर्शन म्हणतो, काकू, तो कधीही जाईल. म्हणजे घरात दोघांची प्रकृती तोळामासा, आणि दोघांबद्दलही तज्ज्ञांचे म्हणणे एकच, की उशीर करू नका.

आता तबकड्यांच्या जाती ऐका. या जन्मी मला त्या कळायची काही गरज नव्हती, पण रोज जेवताना ऐकून माझ्या त्या पाठ झाल्या आहेत. सीडी म्हणून एक लहान जात. तिच्यात एकदाच लिहायची आणि पुन्हा पुन्हा पुसायची अशा दोन पोटजाती. डीव्हीडी ही मोठी जात. तिच्यात दोन घराणी, एक अधिक आणि एक उणे, आणि प्रत्येक घराण्यात पुन्हा एकदाची आणि पुसायची अशी दोन बिऱ्हाडे. सगळ्या दिसायला सारख्या, आकाराने सारख्या, भोकसुद्धा सारखे, आणि एकमेकींच्या हातचे पाणी पीत नाहीत. माणसांनी हे कमी केले होते म्हणून यंत्रांनी सुरू केले असावे. लिहिण्याला या धंद्यात जाळणे म्हणतात. तबकडी जाळली, असे दर्शन हसत हसत सांगतो. आयुष्यभराचे काम जाळून सुरक्षित ठेवायचे, ही अक्कल ज्याला सुचली त्याला तुमच्या बंधूंच्या पंक्तीला बसवावे.

तुमच्या बंधूंना यांतली एकही पसंत नाही. सीडी नको, कारण सगळ्या विहिरींना चार-पाच लागतील आणि तालुका तुटेल. मी म्हटले, निवडणुकीत तोडतातच. पुसायची नको, कारण जी पुसता येते ती नोंद नव्हे, खात्यात पेन्सिलीने लिहिलेले कोणी मानत नसे. बरे, मग एकदाच लिहायची घ्या. तीही नको, कारण तिच्यात दुरुस्ती होत नाही आणि कोतवड्याच्या एका बावीची खोली त्यांना अजून संशयास्पद वाटते. म्हणजे एक नको कारण ती पुसता येते, आणि दुसरी नको कारण ती पुसता येत नाही. मुली बघायला जाऊन अशी नाके मुरडणारी मुले मी शाळेत शिकवलेली आहेत. त्यांचीही लग्ने झाली, पण ती त्यांच्या आयांनी ठरवली.

खोक्यावर छापलेले असते, शंभर वर्षे टिकेल. हे कोणी बघितले म्हणून छापले? तबकडी निघून अजून बारसे झाले आहे की नाही शंका. पण छापील मजकुरावर तुमच्या बंधूंचा विश्वास नाही, त्यांचा प्रयोगावर विश्वास. कोकणच्या दमट हवेत तबकडीला बुरशी येते असे त्यांना कोणीतरी सांगितले. झाले. निळ्या पाठीची, हिरव्या पाठीची, सोनेरी पाठीची अशा तबकड्या आणल्या आणि घरभर ठेवल्या. एक देवघरात, एक समुद्राकडच्या खिडकीत, एक तांदळाच्या पिंपात, एक न्हाणीघरात साबणाच्या शेजारी. रोज सकाळी दात घासायच्या आधी भिंग घेऊन हे घरातून फेरी मारायचे. मला वाटे, निदान व्यायाम होतो आहे. एक दिवस खिडकीतली नाहीशी झाली. माझ्यावर आरोप, मांजरावर आरोप. दुपारी ताट वाढायला घेतले तर मांडणीत दोन ताटल्यांच्या मध्ये उभी. सगुणा भांडी घासायला येते, तिला ती मळकट दिसली, तिने काथ्याने आणि राखेने लख्ख घासून उन्हाला लावली होती.  तुमच्या बंधूंनी टेबलाशी जाऊन निष्कर्ष लिहिला, की ही जात घर्षणाला टिकत नाही. सगुणाने घासलेली तेवढीच एक तबकडी या घरात उपयोगी पडली. तिच्यावर मी उदबत्तीचे घर ठेवते.

दर्शनचे सांगितलेच पाहिजे. हा माळनाक्यावर छत्र्या आणि रेनकोट विकायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने पाटी बदलून दर्शन कॉम्प्युटर्स केले, पण छत्र्यांवर मन आहे, त्या अजून छताला लटकतात आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक आले की तबकडी बाजूला ठेवून तो काडी बदलायला बसतो. त्याला काहीही विचारा, उत्तर होकारार्थी. मी एकदा सरळच विचारले, की दर्शन, ही आमच्या यंत्रात चालेल का. म्हणाला, "चालतं ना, काकू." म्हटले, नाही चालली तर? "मग नाही चालणार." पोलिसात जबानी द्यायला असा साक्षीदार मिळायला हवा. पण तुमचे बंधू त्याच्याशी तास तास बोलतात, आणि तो यांना गुरू मानतो. कारण छत्रीच्या दुकानात एवढा वेळ काही न घेता उभे राहणारे दुसरे कोणी नाही.

शौनकला विचारावे, तर तो बंगळूरला. मुलाला कॉम्प्युटर शिकवला की म्हातारपणी उपयोग होतो असे सांगणारे सगळे लोक मला आता एका ओळीत उभे करून हवे आहेत. त्याने फोनवर सांगितले, आई, तबकडी वगैरे जुने झाले, बाबांना सांग सगळे इंटरनेटवर चढवून ठेवा. आपला पोरगा सांगतो म्हणून मीच यांच्या मागे लागले. दोन दिवस फोनच्या तारेतून विहिरी चढत होत्या. तुम्ही त्या वेळी फोन लावत होतात आणि सारखा एंगेज येत होता, तो हा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली तेव्हा जयगडच्या अर्ध्या विहिरी कुठेतरी अमेरिकेत पोचल्या होत्या. त्या तिथे काय करताहेत देव जाणे. शौनक म्हणाला, मग पुन्हा सुरू करा. त्याला दोन दिवस सुट्टी काढून इथे ये म्हटले तर कंपनीत डेडलाइन आहे म्हणतो. बापाच्या ऑपरेशनला येणार आहे हो, तसा मुलगा गुणाचा आहे. पण त्याला वाटते, तारीख डॉक्टरच देत नाहीत. मी तो समज तसाच ठेवला आहे.

आणि आठल्ये. देवदत्त आठल्ये म्हणजे यांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र, पोस्टातून निवृत्त झालेले. यांना फिरायला डॉक्टरांनी मनाई केली, तर ते आता घरी येऊन बसतात आणि फिरायचे ते बोलण्यात फिरतात. आठल्यांचा भाचा अमेरिकेत आहे, त्याने म्हणे सांगितले की पुढचा काळ अधिकचा, उणेवाले बुडणार. (हा भाचा तिथे हॉटेलांना टॉवेल पुरवतो.) त्या दिवसापासून आठल्ये अधिकचे पुढारी झाले आहेत. यांनी तपकीर सोडली, पण आठल्यांना सोडायला डॉक्टरांनी सांगितलेले नाही.

खरी मेख ती इथेच. आपल्या कॉम्प्युटरला जे जाळायचे यंत्र आहे ते शौनकने मागे पुण्याहून आणून दिले, आणि त्याला फक्त उणेच कळते. अधिकची तबकडी घातली की ते ती परत बाहेर ढकलते, लहान मूल कारल्याची भाजी ढकलते तसे. म्हणजे प्रश्न सुटला की नाही? उण्याची घ्या, घाला, जाळा, मिरजेला चला. दर्शनकडे उण्याच्या तबकड्या छत्र्यांखाली खोकेच्या खोके पडलेल्या आहेत. पण नाही. तुमच्या बंधूंनी उण्याच्या विरोधात तीन पाने लिहून काढली आहेत. परावर्तन, मार्गिकेची थरथर, चुकांची दुरुस्ती, असे मथळे आहेत. मी ती तपासायला घेतली. शुद्धलेखन चांगले आहे, अर्थ कुठेही नाही. दहावीच्या मुलाने असा निबंध लिहिला असता तर मी त्याला बोलावून विचारले असते, की बाळा, तुला नेमके काय सांगायचे टाळायचे आहे?

आता मुंबईहून अधिकचे यंत्र मागवले आहे. दर्शन म्हणतो, या आठवड्यात येतेच. मागच्या आठवड्यातही तो हेच म्हणाला होता. यंत्र येणार, मग ते बसवणार, मग ते आपल्या डब्याशी जुळते का ते बघणार, मग अधिकच्या तबकड्यांच्या निळ्या-हिरव्या पाठी पुन्हा न्हाणीघरात ठेवणार. तोवर दिवाळी. परवा माझ्या माहेरून भावाने अधिकाचे वाण पाठवले, अनारसे, तुपात तळलेले. साठी उलटलेल्या जावयाला, आणि तेही या अवस्थेत. मी डबा वर ठेवला तर स्टुलावर चढून दोन खाल्ले. विचारले तर म्हणतात, वाण आहे, नाही म्हणू नये. काळजाला नाही म्हणता येते, अनारशाला येत नाही.

काल मी शेवटचे विचारले. म्हटले, अहो, समजा सगळ्या जातींत काही ना काही खोट आहे. ज्या वेळी हात पुढे करायला हवा त्या वेळी माणसाने काय खोटीच मोजत बसायचे? तर शांतपणे म्हणाले, घाईत केलेली नोंद कामाची नसते. आणि पुन्हा त्या टक् टक् करणाऱ्या डब्याकडे तोंड करून बसले. पाठमोरे बघून मला इतका राग आला की मी कढीत मीठ दोनदा घातले. त्यांना मीठ कमी सांगितले आहे, म्हणून ती कढी मलाच संपवावी लागली.

तर असे सगळे आहे. तुम्ही काळजी करू नका. आमसुले मिळाली, उत्तम आहेत. गणपतीला तुमच्याकडून कोणी येणार असेल तर कुळथाचे पीठ पाठवा. थोरांना नमस्कार, मुलांना पापा, आणि तुमच्या बंधूंचा नमस्कार मीच लिहिते, कारण त्यांना उठवले तर ते पेनाच्या जाती सांगायला लागतील.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. पत्र पाकिटात घातले होते, पुन्हा बाहेर काढले. ज्यासाठी लिहायला बसले तेच राहून गेले आहे. (राहून गेलेले नाही. धीर होत नव्हता.) वन्सं, रागावू नका, पण हे सगळे तुमच्यामुळे अडले आहे. मे महिन्यात कळ येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पडवीत फणसाचे गरे काढत होतात. तुमचे बंधू हाताला तेल लावून तुमच्या शेजारी बसले होते आणि तुम्हाला तबकड्यांच्या जाती समजावत होते. तुमचे लक्ष नव्हते, ते मला दिसत होते. शेवटी ते म्हणाले, ताई, एक अधिक आणि एक उणे, आणि आपले यंत्र उण्याचे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मेल्या, चांगलं अधिक आहे तर उण्यात कशाला जातोस? दुखण्याच्या तोंडावर उणं नको घरात." आणि पुढच्या गऱ्याला लागलात. तुम्हाला हे आठवतही नसेल.

ते मात्र विसरलेले नाहीत. हा माणूस ग्रहणात जेवतो. स्कूटर अमावास्येला घेतली. तळहातावर नारळ उभा धरून पाण्याची जागा सांगणारे लोक खात्यात यायचे, त्यांना यांनी जन्मभर हसून परत पाठवले. पण आई गेल्यावर ज्या बहिणीने यांच्या शाळेच्या चड्ड्यांना ठिगळे लावली, तिच्या तोंडून उणे म्हणून गेले आणि यांचे सगळे शास्त्र तिथेच थिजले. तसे कबूल करायची लाज वाटते म्हणून परावर्तन आणि थरथर. थरथर यांच्या पोटात आहे. तबकडी ठरली की मिरज ठरली, हे त्यांनाही कळते. तुमचा एक शब्द त्यांना बरा सापडला आहे मागे लपायला.

म्हणून मागणे एवढेच, की एक फोन करा आणि त्यांना सांगा की ते उणे नाहीच. हे मी खोटे सांगायला लावत नाही. मी जन्मभर मराठी शिकवले आहे, चिन्हे मला कळतात. डीव्हीडी आणि पुढचे अक्षर यांच्या मधली ती आडवी रेघ वजाबाकीची नव्हे, ती जोडरेघ आहे. आई-वडील, बहीण-भाऊ यांच्या मध्ये आपण काढतो, तीच. आधी हे एकच घराणे होते आणि तेव्हा त्याला उणे कोणी म्हणत नव्हते. मागून अधिकवाले आले, आणि त्यांच्याशेजारी हिची बिचारीची रेघ उणी दिसायला लागली. (धाकटी सून पदवीधर आली की थोरली अडाणी ठरते, त्यातलाच प्रकार.) मी हे त्यांना सांगून पाहिले. म्हणाले, तू यात व्याकरण आणू नकोस. आणि अधिक म्हणजे सगळे शुभ असते असेही नाही. सध्या अधिक महिनाच चालू आहे ना? एक तरी मुंज काढली का कोणी? तोंडाने फिरवायचे तर आपल्याकडे काय नाही फिरवत? नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली की वाढली म्हणतो. घरातून निघताना येते म्हणतो. तेवढ्यात एक रेघ फिरवायला तुम्हाला कितीसा वेळ लागणार? म्हणा, हरी, ती जोडरेघ आहे, घाल तुझ्या विहिरी त्यात आणि मिरजेला जा. डीव्हीडी म्हणता आले नाही तरी चालेल. माझे नाव काढू नका.

आणखी ता. क. हे शेवटचे पान सूनबाईंना वाचून दाखवायला सांगू नका. भिंग घेऊन तुम्ही स्वतः वाचा.

तबकड्या झाल्या आहेत. मीच केल्या. आषाढात एका सकाळी तुमचे बंधू केस कापायला गेले होते. छत्रीची काडी बदलून आणते असे सांगून मी आदल्या दिवशी दर्शनकडून उण्याच्या दोन तबकड्या आणल्या होत्या, एकदाच लिहायच्या, न पुसता येणाऱ्या. करायचे काय ते मला सगळे ठाऊक होते, एवढे महिने दुसरे ऐकले काय होते? कुकर पडायच्या आत पहिली झाली, ते दाढी करून परत यायच्या आत दुसरी. दोन्ही उघडून पाहिल्या. सगळ्या बावी आहेत. कोतवड्याची आहे, तिची खोलीसुद्धा बरोबर आहे, टेप मीच धरली होती.

आणि मी त्यांना सांगितलेले नाही. रोज सकाळी चहा घेऊन जाते तेव्हा ठरवते की आज सांगायचे. ते शब्दाचे पक्के आहेत. तबकडी हातात दिली तर म्हणतील, मग भर बॅग. आणि मग त्यांना त्या आतल्या दारातून नेतील, आणि मी बाहेर बाकावर बसेन. इथे आहेत तोवर ते त्या टेबलाशी पाठमोरे का होईना बसलेले आहेत, चहा मागतात, माझे चुकते म्हणून सांगतात. एवढी पाने मी तुमच्या बंधूंना नावे ठेवली. उशीर कोणामुळे होतो आहे ते आता तुम्हाला कळले. मला फार भीती वाटते, वन्सं. मी शौनकलाही बोललेली नाही.

तेव्हा वर लिहिले ते राहू द्या. फोन करू नका. तुम्ही या. तबकड्या वाणाच्या ट्रंकेत खणांखाली ठेवल्या आहेत. माझ्याने त्या बाहेर काढवत नाहीत. तुम्ही काढा, तुमच्या हाताने त्यांना द्या, आणि आमच्याबरोबर मिरजेला चला.